ह नसलेली बोली

११ एप्रिल १९९२

आज ओग्न्येन आला होता. अकरा वर्षांनी या घरात. दार उघडलं तर अंगात लष्करी सदरा, पायांत चिखलाचे बूट, आणि तोंडावर तेच वर्गातलं अवघडलेपण. "बाई, ओळखलंत का?"

न ओळखायला काय झालं! तेवीस वर्षं भाषाशास्त्र शिकवलं, पण असा कान दुसऱ्या कुणाला नव्हता. बसमध्ये मागच्या सीटवरचा माणूस काय बोलतो ते ऐकून त्याचं गाव सांगायचा. आणखी दोन वाक्यं मिळाली की त्याच्या आईचं माहेरसुद्धा.

बूट बाहेर काढायला लावले आणि कॉफी टाकली. विषय माझ्या वह्यांवर आला. या दोन खोऱ्यांमधली गावं मी चौदा वर्षं पायी फिरले. दर गावाला एक निळी वही, अशा एक्केचाळीस. दुधाला काय म्हणता, माशीला काय म्हणता, कानाला काय म्हणता, असे बाराशे प्रश्न. पहिल्या पानांवर बोलणाऱ्यांची माहिती: नाव, जन्मसाल, आई कुठली, घरात माणसं किती, गाव त्या घराला काय म्हणून चिडवतं. तोंड कुणाचं ते ठाऊक नसेल तर शब्दाचा उपयोग नाही, हे मीच मुलांना शिकवलं.

ओग्न्येनचं म्हणणं, दिवस वाईट आहेत, घरं जळतायत, वह्या इथल्या नव्या सर्ब समितीच्या लोखंडी कपाटात सुरक्षित राहतील. नमुना म्हणून त्यानं पोदलिपाची वही मागितली. ती दिली आणि पावतीवर सही घेतली. सगळ्या एकदम देणार नाही, आधी नीट लावते, म्हटलं. निवृत्तीनंतर माझ्या कामाची कुणी चौकशी केली नव्हती. खोटं कशाला लिहू, दिवसभर मी खुशीत होते.

१९ एप्रिल

टेकडीमागे तोफा. खालच्या मजल्यावरचे मेहमेदोविच काल निघून गेले. मला किल्ली दिली, कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते मुसलमान, मी सर्ब. सतरा वर्षं एका जिन्यात राहिलो, पण हा शब्द जिन्यात कधी ऐकू आला नव्हता.

रेडिओवरचा नवा निवेदक विभक्त्या चुकवतो. इतकं मोठं बोलायचं आणि षष्ठी येत नाही.

६ मे

टेलिफोन बंद. पाव नाही. नाल्याकाठच्या खाजऱ्या रानपाल्याची कोवळी पानं आणून भाजी केली.

पुलाजवळ ओग्न्येन भेटला. जीपमधून उतरला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. "वहीचा फार उपयोग झाला, बाई," म्हणाला, पण माझ्याकडे न बघता. मी विचारलं, कोणता भाग? जुन्या स्वराचं काय झालं तो तक्ता? "नाही. पहिलीच पानं," म्हणाला आणि जीपमध्ये बसला.

पहिली पानं! ती तर मी घाईत, चुलीजवळ बसून लिहिली होती. नव्या पिढीला भाषेपेक्षा समाजातच जास्त रस.

१८ मे

सकाळी दारावर टकटक. फाहिरा.

पोदलिपाची फाहिरा. १९७१ साली तिच्याच घरी मी नऊ दिवस राहिले होते. तेव्हा चाळिशीला आली होती, तरी माझ्या प्रश्नांना हसून हसून बेजार व्हायची. आज मी ओळखलं ते आवाजावरून. दोन आठवडे जुन्या पाणचक्कीत लपून काढले, म्हणाली. पाय फुटलेले, हातात रिकामी टोपली, बाजाराला निघाल्यासारखी. वाटेत कुणी हटकलं तर सांगता यावं म्हणून.

"विदा, मला आत घे. नदीपल्याड पोचव, तिकडे लढाई नाही. स्कोप्येला लेक आहे माझी, एमिरा, तिथून पुढचं मी बघते." बस, इतकंच. गयावया नाही.

घेतलं.

१९ मे

तिनं सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

४ मे रोजी दुपारी पोदलिपात ट्रक आले. सगळ्यांना शाळेच्या अंगणात जमवलं. मग एकजण नावं वाचू लागला. नुसती नावं नाहीत. "बोकडचोरांच्या घरातला रासिम, पुढे ये." रासिम तिचा नवरा. त्याच्या आजोबांनी कधी काळी बोकड पळवला होता, म्हणून ते नाव. "पोस्टमनला ठाऊक नव्हतं ते," फाहिरा म्हणाली. "आम्ही आपसांतच म्हणायचो. त्यांना कसं कळलं गं?"

मी उठून खिडकी लावली. वारा नव्हता.

आमच्या भाषेत जवळजवळ प्रत्येक क्रियापद दोन रूपांत असतं, एक पूर्ण झालेल्या कामाचं, एक चालू असलेल्याचं. बोलणाऱ्याला दर वेळी निवडावं लागतं. फाहिरा रासिमबद्दल बोलताना पूर्ण झालेलं रूप वापरतच नाही. ट्रकमध्ये चढवत होते. नेत होते. हे मी टिपून ठेवतेय याची लाज वाटते, पण टिपतेय.

ते नाव मीच लिहून घेतलं होतं, तिच्याच तोंडून. आम्ही दोघी हसलो होतो.

तिला सांगितलं नाही.

२० मे

सांगणार होते. जमलं नाही. ती स्वयंपाकघरात बसून माझे मोजे शिवत होती. सांगितलं तर ती उठून जाईल, आणि बाहेर पडली की संपली. म्हणजे तिच्यासाठीच मी गप्प आहे, असं स्वतःला सांगितलं. ते पूर्ण खरं नाही.

फडताळातल्या वह्या बघून तिनं विचारलं, "या त्याच ना? किती आहेत?" आणि स्वतःच मोजल्या. "चाळीस."

"एक्केचाळीस होत्या. एक उसनी दिलीय."

"बरं," म्हणाली. वेळ जात नाही बिचारीचा.

दुपारी चाळीसही वह्यांची पहिली पानं फाडली. बादलीत राखेचं कढत पाणी करून त्यात घातली, काठीनं ढवळली. सहाशेच्या वर माणसं. संध्याकाळपर्यंत राखाडी लगदा झाला. आता माझ्याकडे बाराशे शब्द आहेत, पण कुणाच्या तोंडचे, ते कुठेच लिहिलेलं नाही. शास्त्र म्हणून माझं काम आज संपलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. हात मात्र राखेनं सोलले.

२२ मे

माझी बहीण स्तोयांका गेली त्याला दोन वर्षं झाली. तिचं ओळखपत्र मी परत केलं नव्हतं. फोटो जुना, पुसट. डोक्याला रुमाल बांधला की साठीतल्या सगळ्या बायका सारख्याच दिसतात, निदान शिपायाला. जन्मगाव वरच्या डोंगरातलं ब्रदिने, सर्बांचं गाव.

चेहरा चालेल. प्रश्न बोलण्याचा आहे. पुलावरच्या चौकीत लोकांना बोलायला लावतात म्हणे. कुणीतरी कान देऊन ऐकतो.

तो कुणीतरी कोण, हे मला विचारावं लागलं नाही. अंड्यांसाठी बाजारात गेले होते, तिथे लोक ओग्न्येनचंच नाव घेत होते.

आज धडा सुरू केला. फाहिराच्या बोलीत ‘ह’ आहे, आमच्या लोकांच्या बोलीत तो गळाला. माशीला ती ‘मूहा’ म्हणते, ब्रदिनेची बाई ‘मूवा’ म्हणेल. कान तिला ‘ऊहो’, तिकडे ‘ऊवो’. सोपं म्हणजे ‘लाहको’, तिकडे ‘लाको’. आणि कॉफी. ती ‘काहवा’ म्हणते, म्हणायला हवं ‘काफा’.

"ऊवो," मी.

"ऊहो," ती.

"ऊवो."

"ऊ... होऽ. तुमच्या लोकांना श्वास सोडायचासुद्धा कंटाळा का गं?"

किती दिवसांनी हसले! मग तिला सांगितलं, एके काळी सगळ्याच स्लाव लोकांच्या तोंडी हा आवाज होता. आमच्या खेड्यांतून दोन-तीनशे वर्षांपूर्वी तो विरत गेला. मुसलमानांच्या घरी कुराण म्हणत, त्यात तो सारखा येतो, म्हणून त्यांच्या जिभेवर टिकला.

फाहिरानं सुईत दोरा ओवला, मग म्हणाली, "म्हणजे तुझ्या पणजोबांनी टाकून दिलं ते आम्ही उचलून जपलं. आणि आता तेवढ्यावरून ओळखून मारतात."

मी पुढचा शब्द घेतला.

२४ मे

सकाळपासून ‘ह’. शब्द एकेकटे विचारले की बरोबर म्हणते. बोलण्याच्या ओघात निसटतो. पातेलं हातातून सुटलं तेव्हा तोंडून अल्लाह निघालं, त्यातला ‘ह’ जिन्यापर्यंत गेला असेल. दोघी थिजून उभ्या राहिलो. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. नंतर काही नाही.

तिचं स्वतःचं नावच तिला अडचणीचं. मधे ‘ह’ आहे. मी हाक मारली की वळते. म्हणून आजपासून तिला स्तोयांका म्हणते.

"बहीण कशानं गेली?" तिनं विचारलं.

"हृदयानं. झोपेत."

"नशिबाची," म्हणाली.

आज पुन्हा सांगणार होते. तिनेच मधे बोलून विषय बदलला. असं दोनदा झालं.

२५ मे

दार आतून लावून लिहितेय.

दहाच्या सुमारास जिन्यात बूट वाजले. फाहिरा फडताळाच्या मागच्या कोनाड्यात शिरली, मी पडदा ओढला. ओग्न्येन, आणि बरोबर एक लाल मानेचा शिपाई. या वेळी बूट काढायला सांगायचं धाडस झालं नाही. ओग्न्येननं स्वतःच काढले. शिपाई तसाच आत आला.

"वह्या लावून झाल्या का, बाई?"

"झाल्या."

टेबलावर दोन कप होते. दोन्हींत गाळ. मला ते तेव्हाच दिसले, त्यालाही दिसले. त्यानं एका कपात दुसरा ठेवला आणि मोरीत नेऊन विसळले. माझ्या घरात असताना कप विसळायची सवय होती त्याला, विद्यार्थी असल्यापासून. सवय माणसाला सोडत नाही.

"एकट्याच असता ना?" त्यानं विचारलं.

"बहीण आलीय गावाहून. अंड्यांना गेलीय." बोलून गेले. स्तोयांकाच्या अंत्यविधीला तो आला होता, हे शब्द सुटल्यावर आठवलं! फुलं घेऊन आला होता. त्यानं मान डोलावली. विसरला असावा. इतके मृत्यू पाहिल्यावर एका म्हातारीचा कशाला लक्षात राहील?

त्यानं वरची वही उघडली. सुरुवातीच्या फाटक्या कडांवरून अंगठा फिरवला. "तुमचं अक्षर अजून तसंच आहे," म्हणाला. वही मिटली, शिपायाला म्हणाला, "उचल. सगळ्या."

"बघायच्या नाहीत?" शिपायानं विचारलं.

"तुला वाचता येतं का? मग उचल."

शिपाई दोन खेपा घालून वह्या घेऊन गेला. दाराशी बूट घालताना ओग्न्येन खाली बघून म्हणाला, "गुरुवारी अकराला बस आहे, नदीपल्याड जाणारी. त्यानंतर नाही. चौकीवर मी असेन."

असा धमकावून गेला. माझ्याच घरात. एवढी वर्षं मी त्याला काय शिकवलं, नि त्यानं त्याचं काय केलं!

पडद्यामागून फाहिरा आली. तोंड पांढरं. "तोच," म्हणाली. "अंगणात वाचत होता तो हाच. आवाज ओळखला मी."

२७ मे

उद्या जायचंच. दुसरी वाट नाही. ओळखला जाणारा आवाज आणि ओळखणारा कान, दोन्हीची तयारी माझ्याच स्वयंपाकघरात झाली.

दिवसभर बोललो. हवा, कोंबड्या, गुडघेदुखी, ब्रदिनेचा कडक हिवाळा. शंभरात दोनदा चुकते. दोन फार झाले.

मला सांगितलं पाहिजे. उद्या आम्हाला पकडलं तर ती न कळताच जाईल, माझ्यावर विश्वास ठेवून. पण आज सांगितलं आणि उद्या तिची जीभ अडखळली तर? बसायला दिलेल्या पाटाखाली आग लावल्यासारखं होईल.

पल्याड पोचलो की सांगेन. लिहून ठेवते, म्हणजे पळता येणार नाही.

२८ मे, पल्याड, रेल्वे स्टेशन

पोचलो. आधी चौकीचं लिहिते.

बसमध्ये एकोणीस माणसं. पुलाच्या अलीकडे सगळ्यांना उतरवलं. रांग. टेबलाशी ओग्न्येन, शेजारी तोच लाल मानेचा. आमच्या पुढे एक शिक्षक होता, त्याला बाजूला घेतलं. तो परत रांगेत आला नाही.

फाहिरानं कार्ड पुढे केलं. ओग्न्येननं फोटो पाहिला, तिला पाहिलं. मला पाहिलंच नाही.

"नाव?"

"स्तोयांका."

"गाव?"

"ब्रदिने."

"दुधाला काय म्हणता तुमच्याकडे?"

तिनं सांगितलं. मला हसावं की रडावं कळेना. दूध! दूध या सगळ्या खोऱ्यात एकच आहे, सर्बाच्या तोंडी तेच, मुसलमानाच्या तोंडी तेच. मग विचारलं पावसाला काय म्हणता, मग कुत्र्याला. एकाही उत्तरात ‘ह’ येण्याचा संभव नव्हता. प्रश्न असा टाकायचा की तपासायचा आवाज उत्तरात आलाच पाहिजे, हा तर पहिल्या वर्षाचा धडा.

"कॉफी विचार ना," लाल मानेचा म्हणाला. "सगळे कॉफीच विचारतात."

"भाषा मी शिकलोय की तू?"

"मी विचारतो मग. ए म्हातारे, सकाळी उठून काय पितेस?"

फाहिरानं त्याच्याकडे असं पाहिलं जसं आपल्या अंगणात शिरलेल्या परक्या कोंबड्याकडे बघावं. "मिळेल ते," म्हणाली. "तुम्ही लोकांनी काही ठेवलंय का प्यायला?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. शिपायाची मान आणखी लाल झाली. ओग्न्येननं कार्ड परत दिलं. "ब्रदिनेचीच आहे. पक्की. जाऊ दे."

ब्रदिनेची! ब्रदिनेच्या बायका शेवटचा स्वर ओढतात. सहा दिवसांत तो मला शिकवता आला नव्हता, आणि फाहिरानं एकदाही ओढला नाही. कुठलाही विद्यार्थी ओळखेल. इतका तल्लख कान होता, आणि युद्धानं पार बहिरा करून टाकला. त्याच्या बहिरेपणावर आम्ही जिवंत आहोत, हे मात्र मान्य करते.

बसमध्ये परत चढलो, पूल ओलांडला.

मग फलाटावरच्या बाकावर बसलो. गाडीला दीड तास होता तेव्हा मी सांगितलं. एका दमात. वही, पावती, पहिली पानं, त्यानं पुलाजवळ जे म्हटलं ते. माझी खुशीसुद्धा सांगितली. ती सांगणं सगळ्यात कठीण गेलं.

फाहिरा समोरच्या रुळांकडे बघत होती.

"ठाऊक आहे," म्हणाली.

"कधीपासून?"

"अंगणातल्या त्या दिवसापासून. त्याच्या हातात निळी वही होती. कोपऱ्यावर मुरंब्याचा डाग, माझ्याच हातून पडलेला. तू रागावली होतीस तेव्हा."

"मग माझ्याकडे का आलीस?"

"अजून तीन दारं होती मला. चांगली माणसं आहेत. पण त्यांना ‘नाही’ म्हणता आलं असतं." तिनं रुमालाची गाठ सैल केली. "तुला आलं नसतं."

मी माफी मागितली. एक मालगाडी निघून गेली. मग फाहिरा म्हणाली, "कागद आहे ना तुझ्याकडे?"

ही रोजनिशी होती.

"लिही. मी सांगते तसं."

तिनं सांगितलं, मी लिहिलं, एकाहत्तर साली लिहिलं होतं तसंच. पोदलिपा, ४ मे, शाळेचं अंगण. एकतीस नावं. प्रत्येकाचं वय, आई कुठली, मागे घरात कोण राहिलं, गाव घराला काय म्हणून चिडवायचं. रासिमला तिनं नवव्या क्रमांकावर घातलं, ज्या क्रमानं ट्रकवर चढवलं त्या क्रमानं. मधे एकदाही थांबली नाही. पाठ करून ठेवलं होतं तिनं, पाणचक्कीत.

"आता खाली लिही, कुणी वाचून दाखवलं."

मी ओग्न्येनचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.

"आणि वही कुणाची होती."

स्कोप्येची गाडी लागली होती. लोक सामान चढवत होते. ती जागची उठली नाही. मी माझं नाव लिहायला घेतलं. अक्षरं एकमेकांत गेली. ती खांद्यावरून वाकून बघत होती.

"खोड ते," फाहिरा म्हणाली. "परत लिही. कुणालाही वाचता आलं पाहिजे."